परदेशगमन : परवाना कमावत्याचा, प्रश्न कुटुंबाचा

पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेले मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव. दोन-अडीच दशकांपूर्वीपर्यंत ते शेतशिवाराचे गाव होते. आज तेथे उंच इमारतींच्या वसाहती उभ्या आहेत आणि त्यांतील सदनिकांमध्ये संगणक अभियंते, वाहन उद्योगातील तंत्रज्ञ, परिचारिका व त्यांची कुटुंबे राहतात. आपले अनेक कॅथलिक भाविकही त्यांत आहेत. ह्यांपैकी पुष्कळांचे आजोबा संगमनेर, राहाता, श्रीरामपूर किंवा जालना परिसरातून निघून पिंपरी-चिंचवडला आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली आणि त्या भोंग्यांच्या आवाजाने गावाकडची माणसे शहरात आणली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ही कुटुंबे आजही आवर्जून जातात. आता त्यांच्या नातवंडांच्या घरांतून पुढच्या स्थलांतराची तयारी चालली आहे. ह्या वेळी वाट स्टुटगार्ट, टोरोंटो, लंडन वा टेक्सासकडे जाते.

आजोबा पिंपरीला आले तेव्हा आधी स्वतः आले, खोली मिळाली की पत्नीला आणले, मग मुलांना. कोणाची परवानगी लागली नाही. आजच्या स्थलांतरात मात्र पत्नी केव्हा येणार, तिला नोकरी करता येणार काय, मुलगा कितव्या वर्षापर्यंत ‘मूल’ मानला जाणार, आईवडिलांना जागा आहे काय, हे सर्व परक्या देशाचे शासन ठरवते. आणि ते आपले मत अधूनमधून बदलतेही. गेल्या दोन-तीन वर्षांत हे बदल इतक्या वेगाने झाले आहेत की, २०१९ साली गेलेल्या मित्राचा अनुभव २०२६ मध्ये निघणाऱ्याला उपयोगी पडेलच असे राहिलेले नाही. म्हणून ह्या विषयाचा थोडा तपशिलात विचार करावा असे आम्हांला वाटले.

आमचे मूळ निरीक्षण असे आहे की, श्रीमंत देशांना काम करणारे हात हवे आहेत, परंतु त्या हातांमागचे घर नको आहे. नियम कडक होतात तेव्हा ते कामगारापेक्षा त्याच्या कुटुंबावर अधिक कडक होतात. ह्याची उदाहरणे पाहू.

प्रथम अमेरिका, कारण हिंजवडीच्या कार्यालयांतून निघणारी सर्वांत जुनी वाट तीच. एच-१बी हा तेथील तात्पुरत्या कामाचा व्हिसा; दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. त्याची मुदत सामान्यतः सहा वर्षे. कायम निवासाचा म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर २००० सालच्या एका कायद्यान्वये ही मुदत वाढवत राहता येते. येथपर्यंत सर्व ठीक वाटते. परंतु रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांची मर्यादा, असा नियम १९९० च्या कायद्याने घातला आहे. भारत एवढा मोठा देश असूनही त्याचा वाटा एखाद्या चिमुकल्या देशाएवढाच. परिणामी रांग लांबत गेली. २०२५ च्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या भारतीयांच्या वर्गात २०१३ साली नाव नोंदवलेल्यांचा क्रमांक चालू होता.

ह्या आकड्याचा अर्थ घरात काय होतो ते पाहावे. ज्या गृहस्थाने २०१३ मध्ये पाच वर्षांच्या मुलीला घेऊन रांगेत नाव घातले, त्याची मुलगी २०२५ मध्ये सतरा वर्षांची झाली. एकविसावे वर्ष पूर्ण होताच ती कायद्याच्या दृष्टीने ‘मूल’ राहत नाही आणि वडिलांच्या व्हिसावरचा तिचा आधार संपतो. २००२ सालच्या बालस्थिती संरक्षण कायद्याने हिशेबात काही महिन्यांची वा वर्षांची सवलत मिळते, ती प्रत्येकाला पुरेलच असे नाही. अशी मुले तेथेच वाढलेली, तेथील शाळेत शिकलेली असतात. त्यांना विद्यार्थी व्हिसा घेऊन आपल्याच घरी परकी म्हणून राहावे लागते, नाहीतर ज्या देशाची भाषा त्यांना धड लिहिता येत नाही त्या देशात परत यावे लागते. आज ज्याच्या घरी दहा वर्षांचे मूल आहे आणि जो आता ह्या रांगेत प्रथमच उभा राहणार आहे, त्याने रांग पुढे सरकण्याची गती पाहून आपल्या मुलाच्या एकविसाव्या वर्षाची तारीख कागदावर लिहून ठेवावी. पगाराचा आकडा त्यानंतर पाहावा.

पत्नीची किंवा पतीची स्थितीही अशीच अधांतरी. एच-४ व्हिसावरील जोडीदाराला मे २०१५ पासून, कमावत्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर असल्यास, कामाचा परवाना मिळू लागला. त्याविरुद्ध चाललेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐकण्यास नकार दिला, त्यामुळे ही सोय टिकली. पण त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा नियम आला. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवण्याची जी आपोआप मुदतवाढ मिळे, ती ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बंद झाली. म्हणजे कार्यालयाला उशीर झाला तर नोकरी त्या भगिनीची जाणार.

त्याआधी १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश काढला आणि तो २१ तारखेपासून, प्रारंभी बारा महिन्यांसाठी, लागू झाला. त्या शनिवारी-रविवारी सुटीवर भारतात आलेल्यांची जी तारांबळ उडाली ती आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली. नंतर खुलासा झाला की, हे शुल्क देशाबाहेरील नव्या अर्जदारांसाठी आहे, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. परंतु विमानाची तिकिटे तोवर काढून झाली होती. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील नोंदींची तपासणी सुरू झाली आणि भारतातील वकिलातींमधील अनेक मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाकार्यासाठी वा नाताळासाठी आलेली माणसे येथेच अडकली. काहींची मुले तिकडे, आईवडील इकडे. हिंजवडीतील घरी बसून रात्रपाळीने अमेरिकेतील कचेरीचे काम करायचे, म्हणजे जेथून निघालो तेथेच परत, असा विचित्र प्रसंग त्यांच्यावर आला.

इंग्लंडची दिशा वेगळी, निष्कर्ष तोच. जानेवारी २०२४ पासून तेथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, जोडीदार व मुले नेता येत नाहीत. ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या काळजीवाहकांना कुटुंब नेण्यास बंदी झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून ह्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबली. कुशल कामगारांसाठी वेतनाची सर्वसाधारण किमान मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाली. कायम निवासासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचा सर्वसाधारण कालावधी असावा, असे तेथील शासनाने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडले. ह्यांत एक खर्च असा आहे की जो मुलाखतीच्या वेळी कोणी सांगत नाही. आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड, हे फेब्रुवारी २०२४ पासूनचे दर. पतिपत्नी आणि दोन मुले धरली तर वर्षाचे ३,६२२ पौंड. पाच वर्षांच्या व्हिसासाठी ते एकरकमी, आधीच भरायचे, म्हणजे १८,११० पौंड. २०२५ च्या विनिमय दराने ही रक्कम वीस लाख रुपयांच्या पुढे जाते, आणि व्हिसाचे शुल्क त्याहून निराळे. कंपनी हा भार उचलणार की नाही, उचलणार तर केवळ कर्मचाऱ्याचा की कुटुंबाचाही, हे नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. लाजण्याचे कारण नाही.

कॅनडाविषयी थोडक्यात. २०१५ पासूनच्या ‘एक्सप्रेस एंट्री’ पद्धतीत संपूर्ण कुटुंब एकाच अर्जात कायम निवासी म्हणून जाऊ शकते, हा तिचा मोठा गुण. तथापि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील शासनाने २०२५ सालासाठी कायम निवासींचे लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणले, आणि २१ जानेवारी २०२५ पासून तात्पुरत्या कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळणारा खुला कामाचा परवाना पुष्कळ संकुचित केला. आधी एकट्याने विद्यार्थी म्हणून जायचे आणि मागाहून पत्नीने येऊन दोघांनी कमवायचे, ह्या गणितावर कर्ज काढणाऱ्यांनी ते गणित पुन्हा मांडणे आवश्यक आहे.

जर्मनीचा विचार मात्र आम्ही जरा सविस्तर करणार आहोत. चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीझ-बेंझ ह्यांचे कारखाने असल्याने आपल्या पट्ट्यातील तरुणांना त्या देशाची ओळख कामातूनच झालेली असते, आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवनामुळे जर्मन शिकण्याची परंपराही जुनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन शासनाने भारतीय कुशल कामगारांसाठी वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचा मनोदय जाहीर केला. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेंबर्ग ह्या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याविषयी करार केला होता. ह्या करारातून जाऊ इच्छिणाऱ्यांनी, विशेषतः परिचारिकांनी, भाषेची परीक्षा आणि पदवीची मान्यता ह्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : कुटुंब कोणत्या टप्प्यावर येऊ शकेल?

ज्यांना ‘ब्ल्यू कार्ड’ मिळते त्यांच्यासाठी उत्तर बरेच समाधानकारक आहे. २०२५ साली त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो वेतन लागत असे, आणि ज्या व्यवसायांत माणसांची टंचाई आहे तेथे त्याहून कमी. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नाही, पोहोचल्याबरोबर काम करण्याची मुभा आहे, आणि कायम निवास सत्तावीस महिन्यांत, बी-१ पातळीचे जर्मन येत असेल तर एकवीस महिन्यांत मागता येतो. अमेरिकेच्या रांगेशी ह्याची तुलना करून पाहावी. मुलांमागे मासिक बालभत्ता मिळतो. २०२५ मध्ये तो प्रत्येक मुलाला २५५ युरो होता. अडचण येते ती मोठ्या शहरांत घर मिळण्याची आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळण्याची. शिवाय मुलांच्या शाळेची भाषा बदलते. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील मुलाला तेथे नेणे आणि पाच वर्षांच्या मुलाला नेणे ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोठ्या मुलाचे एक-दोन शैक्षणिक वर्षे केवळ भाषेत जाऊ शकतात, हे पालकांनी त्याला आधी सांगितले पाहिजे.

आता एक बाब, जी आपल्याला कॅथलिक म्हणून थेट लागू आहे. जर्मनीत पोहोचल्यावर नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तेथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिले की वेतनातून धर्मसभा कर कापला जाऊ लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या आठ टक्के, इतर राज्यांत नऊ टक्के आहे. ध्यानात घ्यावे की ही टक्केवारी उत्पन्नावर नसून प्राप्तिकराच्या रकमेवर आहे; तरीही पहिल्या पगारपत्रकात ती रक्कम पाहून भारतीय माणूस दचकतो. मग एखादा सहकारी सल्ला देतो की रकाना कोरा सोडायला हवा होता, किंवा आता कार्यालयात जाऊन धर्मसभा सोडल्याची नोंद करून टाक. ह्या दुसऱ्या सल्ल्याचा परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. जर्मन बिशप परिषदेने सप्टेंबर २०१२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, अशा रीतीने शासकीय कार्यालयात धर्मसभा सोडणाऱ्यास पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद इत्यादी संस्कार घेता येत नाहीत, कोणाचा धर्मपिता वा धर्ममाता होता येत नाही, आणि पश्चात्तापाची कोणतीही खूण न दिल्यास ख्रिस्ती अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. पुढे मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी किंवा विवाहाच्या वेळी ही नोंद समोर येते. कर किती असावा, तो शासनाने गोळा करावा काय, ह्यावर तेथील भाविकांतच मतभेद आहेत आणि आम्हांलाही ती व्यवस्था फारशी सुखद वाटत नाही. परंतु आपल्याकडे ज्या माणसाने आयुष्यभर धर्मग्रामाच्या पावतीपुस्तकात नाव लिहिले, त्याने काही युरोंसाठी आपण कॅथलिक नाही असे लिहून द्यावे, हे आम्हांला रुचत नाही. निघण्यापूर्वी हा खर्च अंदाजपत्रकात धरावा, एवढाच ह्याचा मार्ग.

आखाती देशांत स्थिती निराळी. तेथे आपली माणसे जुन्या काळापासून जात आहेत. कायम निवास ही कल्पनाच तेथे सामान्य कामगाराला उपलब्ध नाही. नोकरी आहे तोवर परवाना, आणि परवाना आहे तोवर कुटुंब. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणण्यासाठी महिना चार हजार दिर्हम, किंवा तीन हजार आणि घराची सोय, एवढे किमान वेतन लागते. ह्या रेषेखाली असलेल्या माणसाचे वैवाहिक जीवन दोन वर्षांतून एका सुट्टीपुरते उरते. इस्राएलमध्ये वृद्धांची सेवा करायला गेलेल्या भगिनींना तर पती वा मुले आणण्याची परवानगीच नाही. आपल्याकडील काही मुले आजीच्या हाताखाली वाढली आहेत ती ह्याच कारणाने. ह्या त्यागाविषयी आपण आदराने बोलतो, आणि बोलावेच. पण जाण्याचा निर्णय होण्यापूर्वी पतिपत्नीने धर्मगुरूंशी किंवा एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याशी बसून किती वर्षांकरिता हे अंतर सोसायचे ते ठरवावे. ‘पाहू पुढे’ ह्या उत्तरावर निघालेली माणसे पंधरा-पंधरा वर्षांनी परतल्याची उदाहरणे कमी नाहीत.

येथेच दलालांविषयी सांगणे इष्ट. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर एवढेच घेता येते. दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र नुसता ‘व्हिसा सल्लागार’ म्हणून पाटी लावणारा भरती करणारा नसतो, त्यामुळे तो ह्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. कायम निवासाची हमी देणारा कोणीही असो, ती हमी खोटी समजावी. निर्णय घेणारा अधिकारी त्या दुकानात बसलेला नसतो.

गोव्यातील बांधवांची वाट आपल्याहून वेगळी असली तरी तिच्यातून शिकण्यासारखे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील नागरिकत्व मिळू शकते. त्या पारपत्रावर हजारो गोवेकर इंग्लंडमध्ये गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या अखेरीस तो मुक्त संचार संपला. त्याआधी तेथे राहत असलेल्यांना विशेष योजनेखाली हक्क राखता आला, मागाहून निघालेल्यांना नाही. ह्या सर्वांत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली : दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये आपोआप संपते. भारतीय पारपत्र खिशात ठेवून दोन्ही दगडांवर पाय ठेवणे हा गुन्हा ठरतो, आणि त्यातून परदेशस्थ भारतीय नागरिकाचे म्हणजे ओसीआय कार्ड मिळण्यात अडथळे येतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र शासनाने ह्या बाबतीत गोवेकरांना कागदपत्रांची काहीशी सवलत दिली.

जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, म्हणून भारतानेही केले असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. ओसीआय कार्डावर येथे आजन्म येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांची गावाकडे वडिलोपार्जित एकर-दीड एकर जमीन भावंडांत सामाईक आहे, त्यांनी सातबाऱ्यावरील वारसनोंद निघण्यापूर्वीच करून घ्यावी. नंतर मुखत्यारपत्रे धाडत बसण्यात पैसा तर जातोच, भावाभावांतील बोलणेही जाते.

कागदपत्रांचा विषय रुक्ष वाटेल, परंतु कुटुंबे अडकतात ती बहुधा येथेच, आणि ह्यात धर्मग्रामाचा संबंध अगदी जवळचा आहे. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये लागतो. त्या कायद्यानुसार कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्याकडील विवाहनोंदींची विवरणे दर तीन महिन्यांनी जन्म-मृत्यू-विवाह महानिबंधकांकडे पाठवायची असतात. परदेशी वकिलातीला बहुतेक वेळा चर्चचा दाखला पुरत नाही. तिला शासकीय निबंधकाचा उतारा लागतो. चर्चकडून विवरण वेळेवर गेले नसेल, किंवा नावात एका अक्षराची चूक असेल, तर मारुंजीतील तरुण जोडप्याला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आम्ही हे आपल्याच घरातले म्हणून स्पष्ट लिहितो : कुटुंबाच्या पावित्र्यावर प्रवचन देणाऱ्या आपल्या संस्थेच्या कार्यालयात कुटुंबाचा दाखला पंधरा दिवस पडून राहू नये.

नावांचा घोळ तर आपल्या समाजाच्या इतिहासातूनच आला आहे. स्नानसंस्काराच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. वडिलांचे नाव कोठे मधले, कोठे आडनाव. आजोबांचे आडनाव गावच्या नोंदीत निराळे. गोवेकर-मंगळुरी आडनावांत डिसोझा, डिसिल्व्हा लिहिताना रोमन लिपीत मध्ये येणारे ते चिन्ह पारपत्राच्या यंत्राने वाचायच्या ओळीत गळून पडते, आणि मग पदवी एका लिखाणाची, पारपत्र दुसऱ्या लिखाणाचे. हे सर्व मुलाचे पारपत्र काढण्याआधी एकसारखे करून घेतले तर पुढे शपथपत्रांचा ढीग लागत नाही. भारतात हेगचा अपॉस्टील करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्यामुळे राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का मिळाला की दाखला सदस्य देशांत ग्राह्य धरला जातो. सौदी अरेबियात हा करार २०२२ मध्ये आणि कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवला होता, म्हणून जर्मनीला जाणाऱ्याने केवळ शिक्क्यावर विसंबू नये. त्यांच्या वकिलातीची त्या वेळची सूचना वाचूनच खर्च करावा. पोलिसांचा ना-गुन्हा दाखला लागतो. मारुंजी-हिंजवडीचा भाग १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आला असल्याने जुन्या पत्त्यावरची आणि नव्या पत्त्यावरची चौकशी कधीकधी दोन वेगवेगळ्या आयुक्तालयांकडे जाते.

स्नानसंस्काराची मूळ नोंद जेथे संस्कार झाला त्याच धर्मग्रामात राहते आणि धर्मसंहितेच्या कलम ५३५ नुसार दृढीकरण, विवाह इत्यादींची नोंद तिच्यातच पुढे जोडली जाते. मुलगी मेलबर्नला विवाह करणार असेल तरी तेथील धर्मगुरू ताजा उतारा मागतील तो पिंपरीकडून, कदाचित संगमनेरकडून. तेव्हा घरातील प्रत्येकाचा संस्कार कोठे झाला, पुस्तक व पान कोणते, हे एका वहीत उतरवून ती सोबत न्यावी आणि एक प्रत येथे भावाकडे ठेवावी.

राहता राहिले आईवडील. परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे प्रेषितीय संविधान काढले, त्याचा आरंभच नाझरेथच्या परागंदा कुटुंबाच्या उल्लेखाने होतो. हेरोदाच्या भयाने ते कुटुंब इजिप्तला गेले तेव्हा तिघेही एकत्र गेले. आपल्या काळातील परवान्यांत मात्र कुटुंब म्हणजे पतिपत्नी व अज्ञान मुले; आईवडील त्यात बसत नाहीत. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकालाही आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी तेथील नागरिकच व्हावे लागते. आणि रांग आपण वर पाहिलीच. कॅनडात आईवडिलांना ‘सुपर व्हिसा’वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण कायम निवासाच्या योजनेत २०२५ मध्ये नवी नावनोंदणी घेतली गेली नाही. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर प्रथमच परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आपल्या व जोडीदाराच्याही आईवडिलांना आणण्याची वाट उघडली. ऐकायला हे फार चांगले आहे. व्यवहारात सत्तरीच्या माणसाला पुरेसा आरोग्यविमा तेथे मिळवणे हीच मोठी भिंत ठरते.

म्हणून मारुंजीच्या सदनिकेत शेवटी आईवडील राहतात. सदनिकेच्या कर्जाचा हप्ता परदेशातून येतो, उद्वाहन बंद पडले की अकराव्या मजल्यावरून खाली उतरणे होत नाही, आणि रविवारचा मिस्सा दूर असलेल्या चर्चमध्ये रिक्षाने जाऊन ऐकावा लागतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुलांवर पोषणाची जबाबदारी टाकली आहे. पैशाच्या बाबतीत आपली बहुतेक मुले ती पार पाडतात. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यावर दार कोण उघडणार, हा प्रश्न त्या कायद्याच्या बाहेरचा आहे. निघण्यापूर्वी मुलांनी आईवडिलांचे वैद्यकीय विम्याचे कागद, बँक खात्यातील नामनिर्देशन, वीज-पाणी-सोसायटीच्या देयकांची व्यवस्था आणि आपल्या अनुपस्थितीत वैद्यकीय निर्णयाला संमती कोण देणार ह्याचे लेखी पत्र, एवढे तरी करावे. धर्मग्रामांनी आपल्या घरभेटींच्या यादीत अशा घरांची वेगळी नोंद ठेवावी, महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जावे, आणि त्या नोंदीत परदेशातील मुलाच्या क्रमांकाबरोबर त्याच इमारतीतील एका शेजाऱ्याचा क्रमांक, त्याची संमती घेऊन, लिहून ठेवावा.